तिसरी सीडी

१२ नोव्हेंबर २००६, रविवार

ही वही राळेगावच्या बाजारात घेतली त्याला आज एकोणीस दिवस झाले. पहिल्या पानावर नाव घातलं, दुसऱ्यावर एसटीचं चित्र काढलं, आणि गाडी तिथंच थांबली. रोज म्हणायचो, आज लिहू. रोज काहीतरी निघायचं. कोणाची सायकल पंक्चर, कोणाचं बकरू विहिरीत. खरं कारण ते नव्हे. लिहायला बसलो की पहिलं वाक्य एकच यायचं की मी इंग्रजीचा मास्तर नाही, आणि ते लिहायला हात होत नव्हता.

आता लिहिलं. पुढं जातो.

बारावीत इंग्रजीतच दोनदा गेलो. मग लोहाऱ्याच्या एका कारखान्यात चार महिने, यवतमाळात साकेतभाऊच्या सीडीच्या दुकानात आठ, मग एका ट्रकवाल्यासोबत आदिलाबादपर्यंत. घरी जात नाही. बाबा ऑफिसात हेडक्लार्क आहेत, त्यांच्या इस्त्रीच्या शर्टासमोर मला बसवत नाही. दिवाळीत राळेगावच्या पुढं एका फाट्यावर एसटीतून उतरलो. कारण काय, तर रस्त्यात रोडरोलर बंद पडला होता आणि तो कसा उघडतात ते पाहायचं होतं. पाहीपर्यंत एसटी गेली.

चहाच्या टपरीवर एक म्हातारा बसलेला. पांढरा फेटा, कानात बाळी. विचारलं, "काय करता?"

मी म्हणालो, "शिकवतो."

"काय?"

पिशवीतून इंग्रजी सिनेमाचा डबा डोकावत होता. म्हणालो, "इंग्रजी."

ते फुलसिंग नाईक निघाले, फाट्यापासून दोन कोसांवरच्या बंजारा तांड्याचे प्रमुख. मला हाताला धरूनच घेऊन आले. कारण त्यांनी चालता चालता सांगितलं. कापसाचा भाव पडून शेतकरी जीव द्यायला लागल्यापासून तांड्यात साहेबांच्या गाड्या येतात. "मागच्या महिन्यात कमिटी आलती. माह्याच बाजेवर बसले, माह्याच घरचा चहा पेले, आन् माह्याबद्दलच आपसात इंग्रजीत बोलले. मी मधात बसलेलो, जसा काही खांब. पुढच्या बारीले माह्या घरात कोणाले तरी समजलं पायजे, ते काय बोलून राह्यले."

घरात नऊ पोट्टे आहेत. त्यांना शिकवायचं, दोन वेळ जेवायचं, ओसरीत झोपायचं. थंडी निघेपर्यंत.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

ए टू झेड दोन दिवसांत संपलं. मग मी तो सिनेमा काढला.

साकेतभाऊच्या दुकानात त्याला कोणी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी उचलला होता. जुना, गाण्यांचा. दूरच्या एका बेटावरचा राजा, त्याची ढीगभर पोरं, आणि त्यांना शिकवायला बोटीतून आलेली एक परदेशी मास्तरीण. मधेच सगळे गातात. डब्यावर तीन सीडी लिहिलंय, आत दोनच आहेत. तिसरी मीही कधी पाहिली नाही.

या आठवड्यात लाईट संध्याकाळी पाच ते आठ असते. कापूस वेचून माणसं परत येतात, हातपाय धुतात आणि नाईकाच्या अंगणात टीव्हीसमोर बसतात. पोरांसाठी लावला, तर अर्धा तांडा यायला लागला. मी बाजूला उभा राहून सांगतो, आता राजा काय म्हणतोय, आता मास्तरीण काय म्हणतेय. एक अक्षर समजत नाही. तोंडाकडं पाहून सांगतो. लोकांना लय आवडते. नाईक तर मांडीवर हात मारतात. "हे बरोबर बोल्ली बाई!"

काल मात्र हंसानं टोकलं. ही नाईकाची नात, एकोणीस वर्षांची, बारावी पास. चांगल्या मार्कांनी, मी विचारलं नव्हतं तरी तिच्या आईनं सांगितलं.

"मास्तर, ते बाई तं एकच शब्द बोल्ली. तुमी चार ओळी कुठून काढल्या?"

सगळे हसले. मी म्हणालो, "इंग्रजी भाषा अशीच असते. आखूड बोलायचं, लय समजायचं."

अजून हसले. पण ते माझ्यावर.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज शिकवलं नाही. तांड्यात एक माणूस मोहाच्या लाकडाचं चाक दुरुस्त करत होता, तेच पाहत बसलो.

दुपारी हंसा एक कागद घेऊन आली. यवतमाळच्या नर्सिंगच्या शाळेचं पत्र, इंग्रजीत. म्हणाली, "हे वाचून सांगा ना मास्तर. हजर व्हायची शेवटची तारीख अकरा डिसेंबरच हाय ना?"

मी कागदावरून बोट फिरवलं. अकराचा आकडा सापडला. "हो हो, अकराच."

"आन् त्या तारखेले गेली नाई तं जागा दुसऱ्याले देतीन, असंच लिवलं हाय ना?"

"असंच आहे."

"हेच जरा आजोबाले वाचून दाखवा ना. तुमी वाचलं तं ते आयकतीन."

मी दाखवतो म्हणालो. मला वाटलं, हिला इंग्रजी येत नाही, बिचारी. संध्याकाळी नाईक बैलाच्या खुरात गुंतलेले होते, मग राहून गेलं.

हंसाची सोयरीक दोन वर्षांपूर्वी मुकुटबनकडच्या एका तांड्यात ठरली आहे. आता मुलाचे वडील भावसिंग यांचा निरोप आलाय की कापूस निघाला की लग्न लावा. ही म्हणते, दीड वर्षाचा कोर्स होऊ द्या, मग लावा. नाही म्हणत नाही, थांबा म्हणते. त्यावरून येत्या गुरुवारी नसाब बसणार आहे. नसाब म्हणजे यांची पंचायत. दोन्ही तांड्यांची माणसं येणार.

२० नोव्हेंबर, सोमवार

दुसरी सीडी आज संपली. आणि संपली कुठं, तर नेमकी नको तिथं.

राजाला एक लहान बहीण आहे. शेजारच्या राजाला दिलेली, म्हणजे शब्द दिलेला. ती मास्तरणीजवळ पुस्तकं वाचते, आणि एक दिवस पुस्तकं गठुड्यात बांधून राजासमोर उभी राहते. राजा उठतो. आणि पडदा निळा.

"पुढं?" सगळे म्हणाले.

मी म्हणालो, पुढची सीडी खराब झाली. कुरकुर झाली, माणसं उठून गेली. नाईक मात्र बसून राहिले. मग मला जवळ बसवलं.

"मास्तर, आमच्या तांड्यात निकालाच्या आधी गोष्ट सांगा लागते. पहिले असं झालतं म्हणून. दोन्ही बाजूनं गोष्ट मंजूर केली, का निकाल त्या गोष्टीतूनच निंगते. मंग कोणी भांडत नाई. माह्याजोळ बैलाच्या गोष्टी हायेत, पाण्याच्या हायेत, पळून गेलेल्या पोरीच्याही हायेत. पण पोरीनं शिकाले वेळ मागतला, अशी गोष्ट माह्या बापाजोळही नव्हती." मग माझ्याकडं वळले. "तुह्या त्या राजानं काय केलं?"

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. सिनेमात पाहतो तसंच. मला वाटलं, हा नाईक आहे, दिलेला शब्द याच्यासाठी सगळ्यात मोठा. याला काय ऐकायचं असणार?

म्हणालो, "राजा काही बोलला नाही. बहीणच दोन पावलं गेली आणि परत आली. राजाच्या पाया पडली. म्हणाली, मोठ्यांनी दिलेला शब्द माझ्या पुस्तकांपेक्षा मोठा."

"परत आली?"

"हो."

"आपल्या मनानं?"

"आपल्या मनानं."

नाईक बराच वेळ टीव्हीच्या बंद काचेकडं पाहत होते. म्हणाले, "बरं." आणि आत गेले. मला वाटलं, खूश झाले.

खरं लिहायचं तर आणखी एक गोष्ट आहे. गोष्ट सांगताना मला हंसाचं त्या दिवशीचं टोकणं आणि सगळ्यांचं हसणं आठवत होतं.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

नसाब लिंबाखाली बसली. मुकुटबनकडून दोन जीप आल्या. बाया लांब, भिंतीच्या कडेला. मला पोरांसोबत बसवलं होतं, पण सगळे माझ्याकडं पाहत होते, कारण नाईकांनी माझीच गोष्ट काढली.

काय सांगितली! माझ्यापेक्षा शंभरपट चांगली. बेट, बोटी, राजाचा वाडा, त्या बहिणीच्या गठुड्याची गाठसुद्धा. पण सांगताना वर पाहत नव्हते. "आन् दोन पावलं गेल्यावर," म्हणाले, आणि इथं एवढे थांबले की भावसिंगनं खाकरून विचारलं, "मंग नाईक?" तेव्हा म्हणाले, "वापस आली. आपल्या मनानं."

"मंजूर?"

"मंजूर!" मुकुटबनवाले.

"मंजूर." आमच्या बाजूचे.

लग्न माघात. नर्सिंगचं नाव कोणी काढलंच नाही, गरजच पडली नाही. भावसिंगनं मला बोलावून पाठीवर थाप दिली. "लय शिकलेला मास्तर ठेवला बा तुमी नाईक!" गूळ वाटला. मीही खाल्ला.

मी एवढंच म्हणून राहिलोय स्वतःला, की ते बोललेच असते काहीतरी. माझी गोष्ट नसती तर बैलाची असती.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी वावराकडं गेलो, उगाच. हंसा कापूस वेचत होती. कमरेला ओटी बांधलेली, दोन्ही हात चालू. माझ्याकडं न पाहता म्हणाली,

"मास्तर, तिसरी सीडी कुठी हाय?"

"खराब झाली."

"मंग शेवट कुठून आणला?"

"पहिले पाहिला होता मी. यवतमाळात."

तिचे हात थांबले नाहीत. "बरं. पाह्यलेला असन तं बरं."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मी काहीतरी बोललो असतो. तिची आई पलीकडच्या ओळीत होती. तिनं नेहमीसारखं "मास्तर, चहा घेतला का?" असं विचारलं नाही.

दुपारी ताटात भाकर आली, ठेच्यासोबत. अर्धी तशीच ठेवली. या घरात कोणी ताटात टाकत नाही, म्हणून मग तीही खाल्ली.

२७ नोव्हेंबर, सोमवार

पहाटेच्या एसटीनं यवतमाळ. ठरवून गेलो होतो की सरळ साकेतभाऊकडं जायचं. उतरलो तर स्टँडसमोर एक माणूस घड्याळं दुरुस्त करत होता, डोळ्याला भिंग लावून. एक वाजेपर्यंत तिथंच. का, ते मला आता समजते. मला ती सीडी सापडायला नको होती.

साकेतभाऊ म्हणाला, "तूच होय बे चोर? तिसरी इथंच होती, दुसऱ्याच डब्यात घातली होती." शिव्या देत देत मशीनवर लावूनही दिली. गिऱ्हाईक नव्हतं.

राजा उठतो. आता मी वाट पाहतोय की ती पाया पडेल. ती पाया पडत नाही. राजा काहीतरी बोलतो, दोनच शब्द. मग स्वतः पुढं होऊन तिचं गठुडं उचलतो. राजा! गठुडं खांद्यावर घेऊन वाड्याच्या पायऱ्या उतरतो, सगळ्या पोरांच्या समोरून, सगळ्या दरबाऱ्यांच्या समोरून, बोटीपर्यंत. बोट सुटते. तो हातही हलवत नाही. बोट दिसेनाशी होईपर्यंत नुसता उभा. त्या जागी गाणंसुद्धा नाही, नुसतं पाणी.

हे समजायला इंग्रजी लागत नाही. डोळे लागतात.

साकेतभाऊ म्हणाला, "रडतं काहून बे? काय समजलं तुले त्यातलं?"

मी म्हणालो, डोळ्यात धूळ गेली. सीडी मागितली, त्यानं दिली. "कोण पाहते हे? घेऊन जा."

३० नोव्हेंबर, गुरुवार

तीन दिवस सीडी पिशवीतच आहे. मंगळवारी लाईट नव्हती. बुधवारी पाहुणे होते. आज लाईटही होती, पाहुणेही नव्हते, नाईक एकटेच ओसरीत दोरखंड वळत होते, आणि मी पोरांना रंगांची इंग्रजी नावं शिकवत होतो. जांभळ्याला काय म्हणतात ते मला येत नव्हतं, तर पोरांना म्हणालो की इंग्रजीत जांभळा रंग नसतोच.

हंसाच्या तारखेला अकरा दिवस राहिले.

पळून जायचंही मनात आलं. फाटा दोनच कोस आहे. पिशवी भरलीसुद्धा होती.

१ डिसेंबर, शुक्रवार

सांगितलं.

कसं सांगितलं ते नीट आठवत नाही. नाईक दोर वळत होते, मी दुसरं टोक धरलं, आणि सगळं एकदम बाहेर पडलं. इंग्रजी येत नाही, बारावी नापास, शेवट माझ्या मनचा, खरा शेवट असा असा. राजानं गठुडं उचललं तिथं आलो तेव्हा नाईकाचे हात थांबले.

म्हणाले, "खांद्यावर?"

"खांद्यावर."

"सगळ्याइच्या समोर?"

"सगळ्यांच्या समोर."

त्यांनी दोर बाजूला ठेवला. आत जातं चालू होतं. मला वाटलं, आता उठून मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तुले इंग्रजी येत नाई हे मले दुसऱ्याच दिवशी समजलं होतं," नाईक म्हणाले. "माह्या नातीनंच सांगतलं. मी म्हटलं, राहू दे, पोट्टे त्याच्यापाशी हसतात. यंदा घरात दुसरं कायच्यानं हसावं? पण मास्तर, तुले दोनदा इचारलं होतं मी. वापस आली का, म्हटलं. आपल्या मनानं का, म्हटलं. दोनदा."

मला आत्ता, या ओसरीत बसून, त्या दोन प्रश्नांचा अर्थ लागला. मी त्या दिवशी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं होतं आणि मला काहीच दिसलं नव्हतं.

मी म्हणालो, "मग आता बदला ना निकाल. तुम्ही नाईक आहात."

"म्हणूनच बदलता येत नाई. मंजूर केलेली गोष्ट मीच मोडली, तं उद्या माह्या तांड्यात कोण कोणाचं आयकीन? मुकुटबनवाल्याइनं म्हणलं पायजे का गोष्ट खोटी होती, आमी मंजुरी वापस घेतो. मंग मी पुन्हा नसाब बसवतो." पुन्हा दोर हातात घेतला. "मी नाई जाणार. सांगणारानं जा लागते."

३ डिसेंबर, रविवार

राळेगाव, पांढरकवडा, मुकुटबन. तिथून पायी. या वेळी कुठंच उतरलो नाही. पांढरकवड्याला जादूवाला खेळ करत होता, तिकडं पाठ करून बसलो.

भावसिंगच्या अंगणात सात-आठ माणसं जमली. मोठा मास्तर आला म्हणून खुर्ची दिली. मी बसलो नाही. उभ्यानं सांगितलं. पहिल्यांदा त्यांना कळलंच नाही, मग एकजण फिसकन हसला, आणि मग सगळेच.

"म्हंजे तू मास्तर नाईच?"

"नाही."

"इंग्रजी?"

"येत नाही."

"आन् पाठीवर थाप मी कोणाले देल्ली मंग?" भावसिंग डोळे पुसत म्हणाला. मग हसू थांबलं. "आयक. राजा तुहा, सीडी तुही, लबाडी तुही. आमचा शब्द तं खरा होता ना? दोन वर्षं झाले, तवा काही सिनेमा पाहून सोयरीक केल्ती का? आमी वापस घेत नाई. फुलसिंगले सांगजो, मानसं पाठवायचे तं मोठे पाठवा लागते."

मी म्हणालो, दीड वर्षाचाच प्रश्न आहे, पोरगी नाही म्हणत नाही.

"तुले मधात कोणं घातलं? जेवून जाय."

आणि खरंच जेवू घातलं. वांग्याची भाजी, गरम भाकर. एवढ्या हसणाऱ्या माणसांमध्ये बसून जेवलो. आतापर्यंत खाल्लेल्यातला सगळ्यात जड घास. शेवटची एसटी चुकली असती म्हणून पळत सुटलो, तेव्हाही मागून कोणीतरी माझ्या इंग्रजीची नक्कल करत होतं.

४ डिसेंबर, सोमवार

नाईकांना सांगितलं. त्यांनी मान हलवली फक्त. "गेला ना पण," एवढं म्हणाले. शिकवणी बंद आहे. मी आपणहून बैलांना पाणी पाजायचं काम घेतलं. जा कोणी म्हणत नाही, राहा कोणी म्हणत नाही.

हंसा वावरातून आली, माझ्यासमोरून गेली. सांगायला पाहिजे होतं की मी जाऊन आलो. पण मग ती विचारेल, काय झालं, आणि त्यावर सांगण्यासारखं काही नाही. कडब्याच्या आड झालो.

७ डिसेंबर, गुरुवार

चार दिवस राहिले. मी उद्या सकाळी निघायचं ठरवलंय. कुठं ते नाही ठरवलं. निदान या घराचं खाणं तरी थांबेल. नाईकांना सांगायला ओसरीकडं चाललो होतो, तर अंगणात

आता पुढचं घाईत लिहितोय, तिकडंही पाहायचंय.

अंगणात एक बाई उभी आहे. पन्नाशीची, हातात पिशवी, फाट्यापासून चालत आलेली, पाय घोट्यापर्यंत धुळीचे. आमच्या बाया कामं सोडून दारात आल्या आहेत. हंसाची आई हातातलं पीठ तसंच घेऊन उभी. मी बाजूच्या म्हातारीला विचारलं, कोण? ती म्हणाली, लालीबाई, मुकुटबनची, भावसिंगची बायको. हंसाची होणारी सासू.

नाईक बाजेवरून उठून उभे राहिलेत. मी इथं आल्यापासून ते कोणासाठी उठलेले पाहिले नाहीत.

"भावसिंग कुठी हाय?" नाईक विचारतायत.

"घरी. त्याले वाटते मी माहेरी गेली." फडक्यानं तोंड पुसलं तिनं. "तुमचा मास्तर येऊन गेला, तवा मी आतच होती. समदं आयकलं. हंसाले बोलवा."

"वावरात हाय. पण बाई, नसाबीचं बोलणं असन तं मानसं लागतीन. तुमच्याकून कोण हाय संगं?"

"कोणी नाई," लालीबाई म्हणाली आणि अंगणातच खाली बसली. "पोरीले इचारायचं हाय, तुले काय पायजे म्हणून. तेवढ्याले कोण लागते?"